डबीतली पिशवी

आईला पित्त होतं. आमच्याकडे पित्त म्हणजे आंबट ढेकर, चढलेलं डोकं आणि त्यावर आमसुलाचं सार. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन पाठीत जायला लागली, तरी आम्ही सारच पाजत राहिलो. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले तेव्हा समजलं, आपण ज्याला पित्त म्हणतो ते जठरातलं आम्ल. खरं पित्त यकृतात तयार होतं आणि या पिशवीत साठतं.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. सिस्टरने माझ्या हातात एक डबी ठेवली. फॉर्मालिनमध्ये सुरकुतलेली पिशवी, वेगळ्या पुडीत खडे. ‘लॅबला देऊन या.’ खड्यांची कसली तपासणी? डबी दोन दिवस फ्रिजवर पडून होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, असलं घरात ठेवू नये, टाकून दे. शेवटी दिली, तीसुद्धा लॅब दिवा स्टेशनच्या वाटेवर होती म्हणून.

रिपोर्टात पित्ताशयाचा कॅन्सर निघाला, पुढे ‘पीटी2’ लिहिलं होतं. दोन म्हणजे अजून सुरुवातच असणार, असा माझा हिशेब.

परळला टाटा हॉस्पिटलात पहिला प्रश्न आला, ‘स्लाइड आणि ब्लॉक आणलेत?’ ब्लॉक म्हणजे मेणाची वडी, तिच्यात तो तुकडा बसवलेला असतो. परत दिवा, परत लॅब. सकाळी दिव्याला आईला घेऊन गाडीत शिरणं अशक्य, म्हणून आधी उलटं डोंबिवलीला जायचं आणि तिथून सुटणारी लोकल पकडायची. रांगेत पुढे-मागे बिहार, उत्तर प्रदेशची माणसं. गंगेच्या खोऱ्यात हा आजार आपल्यापेक्षा बराच जास्त आहे, हे मला तिथेच कळलं.

आईने डॉक्टरांना सरळ विचारलं, ‘पिशवी तर काढली ना, मग कॅन्सर राहिला कुठे?’

मला हाच प्रश्न पडला होता, विचारायची लाज वाटत होती. डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे पिशवीची भिंत काढली: आत अस्तर, मग स्नायू. ‘मावशी, अस्तरातच थांबला असता तर तेवढ्यावर भागलं असतं. हा स्नायूच्या पलीकडे गेलाय.’ म्हणून पिशवी यकृताला जिथे चिकटलेली असते तेवढा यकृताचा भाग आणि आजूबाजूच्या लसिका गाठी काढायच्या. आधी सीटी स्कॅन, दुसरीकडे पसरलाय का ते बघायला. नव्हता.

दुसऱ्या ऑपरेशनानंतर केमो, म्हणजे कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. चौदा दिवस घ्यायच्या, सात दिवस सुट्टी, अशा आठ फेऱ्या. मी केस गळण्याच्या तयारीत होतो, सोलले ते तळहात. लाल झाले, चिरा पडल्या, गरम कप धरवेना.

पाचव्या फेरीच्या सुट्टीत ती हट्टाने परातीसमोर बसली. एक भाकरी थापली, हात उलटा करून पाहिला आणि उरलेलं पीठ माझ्याकडे सरकवलं. माझ्या भाकरीला चारी बाजूंनी कडा फुटल्या. ‘पाणी कमी पडलंय,’ ती म्हणाली.