एक संध्याकाळ, पाच ब्राउझर

तीन रंगांची संध्याकाळ वेबपेजवर आणायला आज सीएसएसची एक ओळ पुरते. लिनिअर-ग्रेडियंट, कंसात रंग, खेळ खल्लास! 2011 मध्ये मात्र तेवढ्यासाठी माझा मामेभाऊ गोंदियात रात्र रात्र जागत होता. पैसे मिळणारं त्याचं हे पहिलंच काम, नवेगाव बांधजवळच्या एका छोट्याशा लॉजची वेबसाइट. मजकूर मी लिहून देत होते. वरचा पट्टा कसा हवा, तर तलावावर दिवस मावळताना दिसतो तसा. वर जांभळा, मध्ये केशरी, खाली पिवळसर.

आता गंमत बघा. फायरफॉक्ससाठी ओळीला 'मॉझ' जोडायचं, क्रोमसाठी 'वेबकिट', ऑपेरासाठी 'ओ'. जुन्या सफारीचं तर व्याकरणच निराळं. पंगतीत चौघं, आणि प्रत्येकाची भाजी वेगळी! एवढं करून लॉजवाल्या काकांनी साइट उघडली ती त्यांच्या एक्सपीवर, इंटरनेट एक्सप्लोरर 8 मध्ये. पट्टा पांढराफटक. त्यावरची अक्षरंही पांढरी, त्यामुळे लॉजचं नावच गायब.

"बाबू, पैसे कायचे देऊ?"

काकांचं काही चुकत नव्हतं. भावाच्या लॅपटॉपवरचं आकाश त्यांच्या काय कामाचं?

मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा 'फिल्टर' होता म्हणा. पण त्यात रंग दोनच, आणि वर अक्षरांच्या कडा खरखरीत व्हायच्या. देवनागरीच्या मात्रा-वेलांट्यांचे तर हालच. शिवाय केशरी काढायला भाऊ तयार नव्हता (मीही नव्हते). शेवटी जुनी ट्रिकच कामी आली. फोटोशॉपमध्ये एक पिक्सेल रुंदीची उभी पट्टी बनवायची आणि ती आडवी रिपीट करायची. कोडमध्ये सगळ्यात आधी साधा जांभळा बॅकग्राउंड-कलर, म्हणजे स्लो नेटवर पट्टी उतरेपर्यंतही नाव वाचता येतं. मग पट्टी, आणि शेवटी ग्रेडियंटच्या ओळी. न कळलेली ओळ ब्राउझर मुकाट्याने गाळतो, कळलेल्यांतली शेवटची पाळतो. काकांनी पैसे दिले.

2012-13 मध्ये बहुतेकांनी 'मॉझ', 'वेबकिट' ही शेपटं सोडली, पण जाता जाता दिशा फिरली. पूर्वी शून्य अंश म्हणजे डावीकडून उजवीकडे, आता खालून वर. त्यामुळे जुना कोड उचलून नुसतं शेपूट छाटलंत, तर संध्याकाळ आडवी पडते! एक्सप्लोरर 2022 मध्ये निवृत्त झाला. भाऊ आता पुण्यात नोकरी करतो, पण साधा रंग अजूनही आधी लिहितो. एक स्वल्पविराम चुकला तरी ग्रेडियंटची अख्खी ओळ गळते, तेव्हा मागे जांभळा असतोच.