मोजडीची चोच

दादा गेल्यावर पुतणीचं कन्यादान माझ्याकडं आलं, दादाच्या मोजडीसकट. बँकेत वारसांच्या नोंदी मी रोज करतो, मोजडीची प्रथमच. जालन्याच्या मंगल कार्यालयात धोतर नेसून, ती घालून उभा राहिलो. वर वळलेली चोच म्हणजे निव्वळ नखरा नव्हे बरं का! चीनमध्ये मावांगदुईला १९७२ साली हान काळातलं थडगं उघडलं, त्यात वर वळल्या टोकांचे रेशमी जोडे निघाले. घोळदार झग्याची कड त्या टोकावर अडायची, पायात यायची नाही, असं जाणकार सांगतात. पण ते टोक रुंद. दादाच्या मोजडीचं उंदराच्या शेपटीएवढं. त्यानं सोगा अडवला नाही, गिळला! व्याहीभेटीला निघालो तो थेट व्याह्यांच्या मिठीत कोसळलो. मंडळींना वाटलं, गहिवर. पुतणी तेवढी पुटपुटली, "काका, बाबाही अस्सेच पडले असते."