भ्यालेल्या जगण्याचे व्याकरण

वास्तववादी कविता, म्हणजे माणसाला आदर्शाचा मुलामा न देता त्याच्या मजुरीसकट, भुकेसकट आणि बोलीसकट उभे करणारी कविता, भिऊन जगणारा आणि भरभरून जगणारा अशा दोघांना समोरासमोर आणते, तेव्हा तिला पहिला मोह न्यायनिवाड्याचा होतो. भित्र्याला हिणवणे सोपे असते. पण थकलेले भाडे, सावकाराची वही, कधीही सुटू शकणारे काम, अशी भीतीची मुळे कवितेत आलीच नाहीत, तर त्या तुलनेच्या पायाखाली जमीन उरत नाही.

सोलापूरचे उदाहरण घ्या. तिथले स्वातंत्र्यसैनिक मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले गेले, आणि तेव्हापासून सोलापुरात निर्भयतेचे माप साहजिकच त्या दोराशी जोडले गेले. याच शहरातल्या कवी कुंजविहारींच्या ‘भेटेन नऊ महिन्यांनी’ या कवितेत फासावर जाणारा तरुण उलट आईलाच धीर देतो. त्या कवितेचे मोठेपण निर्विवाद आहे, मात्र भीती तिच्या उंबऱ्याबाहेरच थांबते. वास्तववादी कवीला तिला घरात घ्यावे लागते: विड्या वळून हजाराच्या हिशेबाने मजुरी मिळवणारी बाई संध्याकाळी माल घेऊन जाताना त्यातल्या किती विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या जातील या धास्तीत असते, आणि तीच बाई मजुरीवाढीच्या मोर्चात पहिल्या रांगेत चालते. भ्यालेले आणि भरलेले जगणे इथे दोन माणसांत वाटलेले नाही, एकाच दिवसात ते ताण्याबाण्यासारखे, उभ्या-आडव्या धाग्यांसारखे विणलेले आहे.

बा. सी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) मधली भीती यंत्रयुगातल्या गर्दीची आहे. ती अस्सल आहे, पण तिला घराचा पत्ता नाही. नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) मध्ये भाकरीच्या विवंचनेला गल्ली, गिरणी आणि नाव मिळते, आणि म्हणूनच तिथला जगण्याचा उमाळाही पटतो. बार्शीत १९१६ साली जन्मलेल्या शाहीर अमर शेख यांनी स्वतः गिरणीत मजुरी केली होती. शाहिरी, म्हणजे डफाच्या तालावर समुदायासमोर गायची कविता, एकट्याची धास्ती अनेकांच्या गळ्यात सोपवते. अमर शेखांचा ‘कलश’ (१९५८) हा संग्रह वाचताना हा गळा आठवावाच लागतो, कारण छापील पानावर त्यातले अर्धेच बळ उतरते.

कारागिरीच्या दृष्टीने भ्यालेल्या आणि भरलेल्या जगण्यातला भेद विशेषणांपेक्षा क्रियापदांत अधिक नेमका सापडतो. भ्यालेले जगणे ‘झाले तर’, ‘नको’, ‘कोणी पाहिले तर’ अशा संकेतार्थी, म्हणजे अटीवर टांगलेल्या, आणि नकारार्थी रूपांत बोलते. भरलेले जगणे ‘गेली’, ‘मागितले’, ‘परत आली’ अशी पूर्ण झालेली क्रिया सांगते. कवीने ‘ती निडर होती’ असे लिहिले की बाई दिसेनाशी होते. बाजूला काढलेल्या विड्या तिने पुन्हा मोजायला लावल्या, मोजताना तिचा हात थरथरत होता, आणि आकडा वहीत चढेपर्यंत ती उंबऱ्यातून हलली नाही, असे लिहिले की ती तिथे उभी असते.