जे जोडलेले आहे तेवढेच

ज्या यूएसबी टाइप-सी सॉकेटमध्ये आपण मोबाइलची केबल उलटसुलट कशीही बिनदिक्कत खुपसतो, त्याच्या २४ संपर्कांपैकी सीसी नावाच्या दोन पिनांवरील व्होल्टेज निरखीत राहणे, आणि चार्ज होऊ पाहणाऱ्या उपकरणातला ५.१ किलोओहमचा रोध त्यांपैकी कोणत्या पिनेवर प्रत्ययास येतो यावरून केबल कोणत्या बाजूने बसली हे ठरविणे, हे पोर्ट कंट्रोलर नावाच्या इवल्याशा चिपचे काम.

लिनक्स कर्नलसाठी अशाच एका चिपचा ड्रायव्हर सादर झाला, तेव्हा सोबतचा हार्डवेअर-वर्णनाचा दस्तऐवज तपासण्याचे काम माझ्याकडे आले. आय-टू-सी बसवरची चिप आपण कोण हे कर्नलला आपण होऊन सांगत नाही. म्हणून ती कोणत्या पत्त्यावर आहे, तिची इंटरप्टची तार कुठे गेली आहे, याची नोंद डिव्हाइस ट्री या निराळ्या दप्तरात ठेवावी लागते, आणि त्या नोंदीत कोणती कलमे असावीत हे या दस्तऐवजाने ठरते. तो ड्रायव्हरच्या आधी, स्वतंत्र पॅच म्हणून यावा, असा तिथला रिवाज आहे.

मसुदा नीटनेटका होता. स्वयंचलित तपासणीतून तो विनातक्रार पार पडला होता, त्यातले उदाहरणही बिनचूक कंपाइल होत होते. तरीही डेटाशीट शेजारी उघडून वाचताना मी दोन ठिकाणी थबकलो. केबल बसल्यावर सीसीवरील संकेत स्थिरावेपर्यंत किती मिलिसेकंद थांबावे, याचे एक कलम त्यात होते. वस्तुतः ही मुदत टाइप-सीच्या मानकानेच १०० ते २०० मिलिसेकंद अशी बांधून दिलेली असल्यामुळे ते कलम बोर्डाचे वर्णन नसून ड्रायव्हर लिहिणाराची सोय होती. उलट, डेटाशीटमध्ये ठसठशीत दाखविलेल्या रीसेट पिनेचा मसुद्यात मागमूसही नव्हता.

‘आमचा ड्रायव्हर रीसेट वापरतच नाही, मग ती लिहायची कशाला?’ अशी लेखकाची पृच्छा आली. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद होते ती विहीर आहे म्हणून. यंदा तिचे पाणी कोणी उपसले की नाही, हा प्रश्न नोंदीच्या दृष्टीने गौण असतो. हार्डवेअरचे हेच वर्णन यू-बूट हा बूटलोडर वाचतो, फ्रीबीएसडी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमही वाचते, आणि त्यांनाही ते निर्वेधपणे वापरता यावे म्हणूनच अशा नव्या दस्तऐवजांना जीपीएल व बीएसडी असा दुहेरी परवाना देण्याची पद्धत आहे. शिवाय एकदा हे वर्णन घेऊन बोर्ड बाजारात गेले, की पुढच्या प्रत्येक कर्नलला त्यातल्या कलमांचा मान राखावा लागतो. आज सोयीखातर घुसलेले कलम पुढे वर्षानुवर्षे वागवावे लागते.

सुधारित मसुद्यात मुदतीचे कलम गळाले आणि रीसेटचे आले, तेही ऐच्छिक म्हणून, कारण काही बोर्डांवर ती पिन प्रोसेसरपर्यंत नेलेलीच नसते. मी संमतीचा शेरा मारला. थांबण्याची मुदत ड्रायव्हरमध्ये एक साधा स्थिरांक म्हणून राहिली. तिथे मानकाच्या मर्यादेत ती उद्या कोणीही बदलू शकेल, आणि त्यासाठी कोणाच्या जुन्या बोर्डाला धक्का लागणार नाही.