दुपारची गल्ली

पंचवटी एक्स्प्रेस सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड सोडते आणि तिच्याबरोबर आमच्या गल्लीतली कितीतरी माणसं मुंबईला जातात. १९७५ पासून हे असंच चाललं आहे. पासधारक पहाटे डबे भरून निघतात, कसाऱ्याचा घाट उतरतात आणि रात्री उशिराच्या जेवणाला परततात. बाकीचे नोटांच्या प्रेसला, एकलहऱ्याच्या वीज केंद्रावर, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पांगतात. अकरा वाजले की गल्लीत उरतात म्हातारी माणसं, झोळीतली पोरं आणि मी.

मी मूळची सोलापूरची. नवऱ्याची नोकरी एकलहऱ्याला, माझी लॅपटॉपमध्ये. माझी कंपनी ज्या शहरात आहे ते शहर मी अजून पाहिलेलं नाही. आले तेव्हा या गावाशी माझा संबंध वीज आणि इंटरनेटपुरताच होता. कानाला हेडफोन, डोळ्यांपुढे दुसऱ्याच मुलखाचं घड्याळ. देवळाली गावाचा आठवडे बाजार, मुक्तिधामची आरती, दसकचा गोदाकाठ हे सगळं माझ्या खिडकीबाहेर घडत होतं.

मग गल्लीनं मला कामाला लावलं. भर दिवसा घरात असणारी धडधाकट बाई गल्लीच्या नजरेतून सुटत नाही. कुणाचा सिलिंडर उतरवून घ्यायचा, कुणाची किल्ली ठेवायची, कुणाच्या मोबाइलवरचा ओटीपी वाचून दाखवायचा. नोव्हेंबर आला की पेन्शनवाले आजी-आजोबा ओळीनं माझ्या ओसरीवर बसतात, कारण हयातीचा दाखला आता फोनवर चेहरा दाखवून काढता येतो. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगितलं की आजी आधी पदर सावरतात, कपाळावरचं कुंकू नीट करतात, मग फोनकडे बघतात. या बैठकींतून मला घराघरांतली नातवंडं, दुखणी, भांडणं कळत गेली. पगार दुसरीकडून येत होता. माझी गरज मात्र इथं होती, हे मला फार आवडू लागलं.

शेजारचे काका प्रेसमधून निवृत्त झाले. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ साली उभी राहिली. तोवर लंडनला छापली जाणारी पोस्टाची तिकिटं मग इथं छापली जाऊ लागली. १९२८ पासून शेजारच्या करन्सी नोट प्रेसमध्ये नोटा निघू लागल्या. गावाच्या तोंडी दोन्ही मिळून नुसतं ‘प्रेस’. देशभरचे पासपोर्टही इथलेच. काकांच्या हाताखालून कोऱ्या पुस्तिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे गेले. त्यांतली एक त्यांच्याच धाकट्या मुलाला चीनमध्ये घेऊन गेली.

तो यीवूला असतो. चीनच्या मानानं हे लहान शहर, कारभारात चिन्हुआ या मोठ्या शहराच्या हाताखालचं. पण बटणं, चेन, खेळणी, खोटे दागिने, रोषणाईच्या माळा अशा बारीकसारीक वस्तूंचा तिथला घाऊक बाजार जगात सगळ्यात मोठा मानला जातो. भारतातून, अरब देशांतून, आफ्रिकेतून आलेले खरेदीदार तिथं ठाण मांडून असतात. काकांचा मुलगा मुंबईच्या व्यापाऱ्यांसाठी नमुने बघतो, भाव करतो, खोकी मोजून घेतो आणि निंगबो बंदरावर कंटेनर रवाना करतो. घर बदललं की चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे नोंद करायची. व्हॉट्सॲप सरळपणे चालत नाही, म्हणून काकू वीचॅट शिकल्या. त्याचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढं, त्यामुळे इकडे पंचवटी सुटते तेव्हा तो साडेनऊच्या बाजारात उभा असतो.

एका दुपारी काकू मोरीपाशी चक्कर येऊन पडल्या. काका घाबरून माझ्या दारात आले. मी मीटिंग सोडली, रिक्षा बोलावली, काकूंना दवाखान्यात नेलं. साखर उतरली होती. संध्याकाळपर्यंत बऱ्या झाल्या. तेवढ्यात मुलाचा फोन आला. वडिलांशी दोन शब्द बोलला आणि म्हणाला, “ताईला द्या.” डॉक्टर काय म्हणाले, सलाईन किती लावलं, रात्री सोबत कोण, सगळं त्यानं मला विचारलं. त्या क्षणी मला दिसलं की मी त्याच्या जागेवर उभी आहे. माझ्या जागेवर सोलापुरात खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई आहेत. माझ्या आईच्या गोळ्या त्याच आणून देतात. आणि तिकडे यीवूत त्याची घरमालकीण म्हातारी त्याला ताप आला की भाताची पेज दाराशी ठेवून जाते. परगावी राहणं म्हणजे काय, हे मला या तीन बायकांच्या हिशेबानं कळतं. आपण रिकामी केलेली जागा कुणीतरी भरत असतं, आणि आपण जिथं राहतो तिथंही एक जागा आपली वाट पाहत असते. तिच्याकडे पाठ करून नुसतं काम करत बसणं मला आता जमायचं नाही.

चीनमध्ये राहण्याचा विषय निघाला की सोलापूरकर असल्यामुळे मला डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतातच. भैय्या चौकातलं त्यांचं घर लहानपणी रोजच्या वाटेवर होतं. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, युद्धाच्या धामधुमीत चिनी भाषा शिकले, डोंगराळ खेड्यांत जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले. १९४१ मध्ये क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. मुलगा काही महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले. वय अवघं बत्तीस. त्यांच्या त्यागाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्यांच्या रोजच्या दिवसाचं अप्रूप वाटतं. तिथल्या लोकांच्या खाण्यात, बोलण्यात, आजारपणात ते किती पूर्ण शिरले असतील! तो माणूस तिथं मुक्कामाला नव्हता, राहायला होता.

आता काका-काकूंना मुलानं बोलावलं आहे. जन्मभर इतरांचे पासपोर्ट छापलेल्या काकांनी स्वतःसाठी पहिल्यांदा अर्ज केला. फॉर्म मी भरला, आणि पोलीस चौकशीला आले तेव्हा शेजारी म्हणून सहीही मीच केली. काकूंना मात्र एकच घोर आहे. “अगं, त्या म्हातारीला काय न्यायचं? माझ्या पोराला पेज करून घालते ती.” साडी तिच्या काय उपयोगाची? नाशिकचे बेदाणे न्यायचे, हे ठरलं. यीवूत हिवाळ्यात चांगली थंडी पडते म्हणून माझ्याकडून सोलापुरी चादर. आईला फोन केला आहे, शिंपीणबाईच बाजारात जाऊन आणणार आहेत. काकू म्हणतात, डबल घे. बॅगेचं वजन बघून काका म्हणतात, सिंगल पुरे.