बावखलात शिकलेलं पोहणं

पोहता येत नाही, तर ही मुलं पाण्यात उतरतात कशाला? पावसाळ्यात जवळच्या चिंचोटी धबधब्याच्या डोहात कुणी बुडाल्याची बातमी आली की वसईतल्या आमच्या वाडीत हा प्रश्न घरोघरी ऐकू यायचा आणि त्यात माझा आवाज मोठा असायचा. बुडालेली मुलं बहुतेक मुंबईची, नाहीतर नालासोपारा-विरारच्या इमारतींमधली. आपण पाण्याची माणसं, ती नव्हेत, असा माझा हिशेब होता. डोह बंद करा, पोलीस उभे करा, एवढंच माझं मागणं असे. आता तो प्रश्न माझ्या तोंडून निघत नाही.

आमची पिढी बावखलात पोहायला शिकली. बागायतीसाठी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं, काठावर रहाट, भोवती केळी. कमरेला रिकामा डबा बांधून थोरला भाऊ पाण्यात ढकलायचा आणि समोरच्या काठावर काका उभे असायचे. ते पाणी जागचं हलत नसे. कुठे उथळ, कुठे खोल, हे पायांना पाठ असायचं. त्याच पोहण्याच्या बळावर आम्ही ऐन पावसात चिंचोटीला जायचो, धबधब्याखाली डुंबायचो आणि सुखरूप घरी यायचो. आपल्याला पोहता येतं म्हणून आपण परत आलो, असंच मी धरून चाललो होतो. तेव्हा वर डोंगरात मोठी सर पडली नव्हती, एवढंच खरं कारण असू शकतं, हे मनात कधी आलं नाही.

ही समजूत हलली ती २ जुलै २०२० रोजी. जव्हारजवळच्या काळमांडवी धबधब्यात पाच तरुण बुडाले आणि ते जव्हारचेच होते. सेल्फी काढताना दोघं घसरून पाण्यात पडले आणि त्यांना वाचवायला इतर जण उतरले. बाहेरून येणाऱ्यांना इथल्या पाण्याची ओळख नसते, हे माझं स्पष्टीकरण त्या बातमीपुढे टिकेना. त्याच्या दोन वर्षं आधी, जुलै २०१८ मध्ये, चिंचोटीला ओढा अचानक फुगला, शंभराहून अधिक माणसं अडकली आणि एकाचा जीव गेला. तेव्हा मी तीही बातमी जुन्याच प्रश्नावर निकालात काढली होती.

मग मी हे पाणी नीट समजून घ्यायला लागलो. धबधबा जिथे कोसळतो तिथला पांढरा फेस म्हणजे निम्मं पाणी आणि निम्मी हवा. त्यावर शरीर तरंगत नाही, कितीही हात मारले तरी. कोसळणारी धार तळाशी जाऊन उलटी फिरते आणि माणसाला पुन्हा धारेखाली ओढते. आपल्या काळ्या पाषाणात पाण्याने कोरलेले रांजणखळगे असतात, ते गढूळ पाण्यात दिसत नाहीत, आणि काठ शेवाळाने बुळबुळीत. चिंचोटी ज्या तुंगारेश्वरच्या डोंगरात आहे, तिथले ओढे आखूड नि तीव्र उताराचे. माथ्यावर सर कोसळली की खाली ऊन असतानाही काही मिनिटांत लोंढा येऊ शकतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला की तत्क्षणी काठ सोडून उंचावर चढायचं. माझ्या बावखलाने यातलं काहीच शिकवलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट बोलायला मला जास्त जड जाते. इमारतींमधली ती मुलं चिंचोटीला का जातात? कारण उकाड्याच्या एका खोलीतून निघालेल्या पोराला वसई-विरारमध्ये फुकटात उतरता येईल असं पाणी आम्ही ठेवलंच नाही. बावखलं भराव टाकून बुजवली, त्यांवर इमारती उठल्या. जमिनी विकणारे आमच्यातलेच होते. ज्या पाण्याने मला पोहायला शिकवलं ते बुजवायचं आणि वर विचारायचं, पोहता येत नाही तर जाता कशाला? याची मला मनापासून लाज वाटते.

पावसाळ्यातली मनाई हवीच, हे माझं मत आजही कायम आहे. धारेखालच्या डोहात जुलै-ऑगस्टमध्ये कुणीच उतरू नये, पट्टीच्या पोहणाऱ्यानेही नाही. पण दर वर्षी मनाईचा आदेश निघतो, आणि चोरवाटांनी माणसं पोहोचतातच. बांगलादेशात गावच्या तळ्यात बांबूचा कठडा आणि पाण्याखाली बांबूचंच मचाण बांधून लहान मुलांना पोहायला शिकवतात. शाळकरी मुलांना पोहणं आणि पाण्यातली सावधगिरी शिकवावी, काठावरच्या माणसांना सुरक्षित बचाव शिकवावा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आमच्याकडे अजून काही बावखलं जिवंत आहेत. ती गाळ काढून, कठडा बांधून महापालिकेच्या शाळांतल्या मुलांसाठी उघडावीत. चिंचोटीच्या वाटेवर कामण परिसरातल्या तरुणांना पावसाळाभर पगारी नेमावं, त्यांच्या हाती दोर आणि हवेचे टायर द्यावेत. आणि प्रत्येक मुलाला पोहण्याआधी एक गोष्ट शिकवावी: मित्र बुडत असेल तर मागोमाग उडी मारायची नाही, दोर, ओढणी, बूच लावलेला रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते आधी त्याच्याकडे फेकायचं.