वाऱ्याची चक्की

'पवनचक्की' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो शाळेच्या भूगोलात, हॉलंडच्या चित्राखाली. तेव्हापासून पवनचक्की म्हटले की चार पंखे, लाकडी बूट घातलेली मुलगी आणि ट्युलिपची फुले, एवढेच डोळ्यांपुढे यायचे. शब्दाचा खरा अर्थ कळला तो यंदाच्या श्रावणात, मराठवाड्यात.

नांदेडला मावशीकडे उतरलो होतो. सकाळी गोदावरीचे दर्शन घेतले, सचखंड गुरुद्वारात माथा टेकला, लंगरातली गरम रोटी खाल्ली. दुपारी मावशी म्हणाली, "चक्कीवर डबा ठेवलाय, तेवढा घेऊन ये." आम्ही पुणेकर गिरणीवर जाणारे! पण मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात होता. दखनीच्या शेजाराने 'चक्की' तिथे घरचीच झाली आहे. शिवाय ती मुळात संस्कृत 'चक्रा'चीच नात. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, जुनी पाणचक्की अजून पाहायला मिळते. डोंगराकडून मातीच्या नळांनी आणलेले पाणी चाकावर सोडायचे आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी जमणाऱ्या फकिरांसाठी दळण दळायचे, अशी ती योजना.

मावशीच्या चक्कीवर मात्र वीज गेलेली. डब्यांची ही लांब रांग! तासभर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूर गाठले आणि तिथून पुढे धाराशिवकडची एस.टी. धरली. बालाघाटाच्या पठारावर एकाएकी त्या दिसल्या. उंच पांढरे खांब आणि माथ्यावर तीन पात्यांची अजस्र भिरभिरी! हॉलंडच्या पुष्कळ पवनचक्क्या सखल जमिनीतले पाणी उपसून बाहेर टाकीत, हे मला आठवले. आणि लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हेही आठवले. एकाच शब्दाखाली केवढ्या निराळ्या दुनिया!

शेजारी एक आजी बसल्या होत्या. खिडकीतून टक लावून पाहत म्हणाल्या, "ह्या चक्कीत काय दळतेत, बाबा?"

"ही काहीच दळीत नाही, आजी. वाऱ्याने पाती फिरतात, त्यांनी आतले यंत्र फिरते आणि वीज तयार होते. नाव तेवढे चक्कीचे राहिले."

आजींनी आपले तळहात पुढे केले. "नवी नवरी आले तवा पहाटं उठून रोज पायलीभर ज्वारी दळायची. जात्याच्या खुंट्यानं ह्ये घट्टे पडलेत बघा. गावात चक्की आली अन् हात सुटले." मग पुन्हा बाहेर बोट करून म्हणाल्या, "तिची वीज आमच्या चक्कीला येती का न्हाई?"

"तारांतून येत असेल की."

"मग दळती की ती! काहीच दळत न्हाई म्हनं!"

मी गप्प बसलो. नांदेडची ती डब्यांची रांग डोळ्यांपुढे आली. शब्दकोश उघडून मी अर्थ शोधीत होतो आणि आजींच्या तळहातावर तो कधीचा उमटलेला होता.